बास रेकॉर्ड करताना पुन्हा पुन्हा येणारा हम: फिल्टर लावण्याआधी तो कुठून शिरतो ते शोधा

काल स्वच्छ आलेला आवाज आज त्याच बास गिटारवर, त्याच केबलने, त्याच इंटरफेसमधून (बासचा सिग्नल संगणकात नेणाऱ्या पेटीतून) हम, म्हणजे विजेच्या पुरवठ्यातून शिरणारी घूंऽऽ अशी गुणगुण, घेऊन येतो. मग केबल बदलून पाहिली जाते, प्लग इकडचे तिकडे केले जातात, मध्येच हम जातो आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. चार दिवसांनी तो परत हजर. तो परत येतो कारण गेला तेव्हा नेमका कशामुळे गेला हे कोणी पाहिलेलंच नसतं.

दुसरंही एक कारण आहे. हम बहुतेक वेळा एकाच वाटेने शिरत नाही. पिकअप (तारांचं कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारा भाग) थोडा पकडतो, जॅकची ग्राउंडची वायर सैल असते, लॅपटॉपचा चार्जर आपली भर घालतो. यातली एक वाट बंद केली की उरलेल्या दोन ऐकू येतात आणि वाटतं, उपाय फुकट गेला. म्हणून माझा आग्रह असतो की आधी प्रत्येक वाट वेगळी करून तपासायची, मग दुरुस्ती. सॉफ्टवेअरमधला नॉच फिल्टर (एखादीच फ्रिक्वेन्सी कापणारा) सर्वात शेवटी, आणि बासच्या बाबतीत तर जमलं तर नकोच. का ते आधी सांगतो.

बासला हम जास्त का नडतो

विजेचा पुरवठा जगात बहुतेक ठिकाणी ५० हर्ट्झचा असतो, उत्तर अमेरिकेत आणि आणखी काही देशांत ६० हर्ट्झचा. साध्या गिटारची सर्वात जाड तार ८२.४ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे गिटारवाला ७० हर्ट्झच्या खालचं सगळं निर्धास्त कापू शकतो. त्याचं काही बिघडत नाही. चार तारांच्या बासवर मोकळी ई ४१.२ हर्ट्झवर, ए ५५ वर, डी ७३.४ वर आणि जी ९८ वर असते. पाच तारांचा बास असेल तर खालची बी ३०.९ हर्ट्झवर. म्हणजे हम थेट तुमच्या सुरांच्या रांगेत येऊन बसतो.

एक प्रयोग करून पाहा. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर हम चालू असताना ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा आणि सूर लांबवर धरून ठेवा. हा सूर ४९ हर्ट्झचा आहे. त्याच्यात आणि हममध्ये एका हर्ट्झचा फरक, त्यामुळे आवाज सेकंदाला साधारण एकदा फुगतो आणि ओसरतो. मीटरचा काटाही तसाच हेलकावतो. सूर जसा विरत जातो तसा हा हेलकावा जास्त ठळक होतो, कारण सूर लहान होत हमच्या बरोबरीला येतो. मोकळ्या जी तारेवर हेच १०० हर्ट्झच्या हमशी होतं, तिथे सेकंदाला दोनदा. ६० हर्ट्झच्या देशांत ए तारेचा पहिला आणि दुसरा फ्रेट त्याच्या दोन बाजूंना येतो, तिथे हेलकावा सेकंदाला दोनच्या जरा खाली असतो. अनेक जण हे ऐकून तारा बदलतात, मानेचा डेड स्पॉट (सूर लवकर विरतो ती जागा) म्हणतात, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सुरेलपणा) लावत बसतात. दोष तारांचा नसतोच.

आता ५० हर्ट्झवर नॉच लावला तर काय होईल ते उघड आहे. हमबरोबर तिसऱ्या फ्रेटचा जीही जातो. बाकीचे सूर भरदार आणि तो एकच पोकळ. जी मधलं गाणं असेल तर बासचा पायाच निघून गेल्यासारखा वाटतो.

आधी ठरवा: हम रेकॉर्ड होतोय की फक्त स्पीकरमधून येतोय

ही तपासणी सर्वात सोपी, आणि हीच सर्वात जास्त वेळा राहून जाते. बासला हात न लावता रेकॉर्डिंगच्या ट्रॅकचा मीटर बघा. स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू येतोय पण इनपुटचा मीटर अगदी तळाशी आहे, तर बास निर्दोष आहे. हम इंटरफेस आणि स्पीकर यांच्या मधे शिरतोय. हेडफोन थेट इंटरफेसला लावले की खात्री पटते. अशा वेळी स्पीकरची केबल बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन वायरींची, वाटेतला हम कटणारी) आहे का बघा, आणि स्पीकर, संगणक, इंटरफेस हे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवा. बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो.

मीटरवर हम दिसत असेल तर काही सेकंद रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम अॅनालायझर उघडा. जवळजवळ सगळ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो मिळतो. ५० वर एकच उंच सुळका आणि पुढे फारसं काही नाही, आवाज गोल आणि मऊ: जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पिकअपमध्ये येत असण्याची शक्यता जास्त. १०० चा सुळका ५० पेक्षा मोठा: एखाद्या उपकरणाच्या पॉवर सप्लायकडे बघा, कारण रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) उरणारी लहर दुप्पट फ्रिक्वेन्सीची असते. ५०, १००, १५०, २०० असे दात वरपर्यंत पसरलेत आणि आवाज झर्रर्र असा खरखरीत आहे: दिव्याचा डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचा ड्रायव्हर, नाहीतर कुठेतरी तुटलेलं ग्राउंड. आणि माऊस हलवला की बदलणारी बारीक शिट्टी असेल तर तो हम नव्हेच, संगणकाचा यूएसबीमार्गे येणारा आवाज आहे. हे वाचन दर वेळी शंभर टक्के बरोबर येईल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

एकेक वाट वेगळी करणं

यासाठी एक वस्तू हाताशी ठेवाच: शॉर्टिंग प्लग. साधा पाव इंची जॅक प्लग घ्यायचा, आतल्या टोकाच्या आणि बाहेरच्या कडीच्या टर्मिनलमधे वायरचा छोटा तुकडा सोल्डर करायचा, झाकण लावायचं. झालं. हा प्लग इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावला की इनपुट पूर्ण शांत व्हायला हवं. गेन नेहमी ठेवता तिथेच ठेवा. तरीही हम असेल तर तो इंटरफेसमध्ये, त्याच्या अॅडॉप्टरमध्ये किंवा यूएसबीच्या बाजूला आहे. बास खोलून बसायची गरज नाही.

इनपुट शांत असेल तर आता केबल आणि बास जोडा आणि बासचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. एका व्हॉल्यूमच्या पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) बासमध्ये शून्यावर आउटपुट ग्राउंडला जोडला जातो. हम गेला तर तो पिकअप किंवा आतल्या वायरिंगमधून येत होता. राहिला तर केबल किंवा जॅक. मात्र जॅझ बाससारख्या दोन व्हॉल्यूमच्या वायरिंगमध्ये ही चाचणी तितकी पक्की नाही. तिथे नॉब शून्यावर नेला की पिकअप शॉर्ट होतो, पण आउटपुट पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) रेझिस्टन्समधूनच ग्राउंडला जातो, म्हणून थोडा हम राहू शकतो. त्यामुळे जॅझ बासवाल्यांनी या एका चाचणीवरून केबलला दोषी धरू नये.

व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून हम जास्त येतो हेही पुष्कळांना कोड्यात टाकतं. पॅसिव्ह बासमध्ये पॉट मधोमध असताना आउटपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) वाढतो आणि केबलवर बाहेरचा आवाज सहज चढतो, शिवाय सिग्नल कमी झालेला असतोच. रेकॉर्ड करताना व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा, पातळी इंटरफेसच्या गेनने जुळवा.

केबलबद्दल थोडक्यात. इन्स्ट्रुमेंट केबलला आतल्या वायरीभोवती जाळी असते, स्पीकर केबलला नसते. दोन्हींचे प्लग सारखेच दिसतात, त्यामुळे अदलाबदल होते, आणि स्पीकर केबलवर बास लावला की हम येणारच. पाच-सहा मीटरच्या आतली केबल घ्या, प्लगपाशी धरून हलवा, वाकवा. खरखर आली तर सोल्डर सुटतंय. इंटरफेसचं इनपुट इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी वर आहे ना तेही बघा. तिथला इम्पिडन्स साधारण १ मेगाओम असतो. लाइन इनपुटला पॅसिव्ह बास लावला की आवाज मंद आणि पातळ येतो, मग गेन चढवावा लागतो आणि हमही त्याच्याबरोबर चढतो.

आता बास खांद्याला लावा, व्हॉल्यूम उघडा, आणि खुर्चीवर बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. मीटरवर नजर ठेवा. चुंबकीय हम दिशेवर अवलंबून असतो: पिकअपची कॉइल क्षेत्राला एका कोनात असताना तो जोरात येतो, पाव वळण फिरलात की जवळजवळ नाहीसा होतो. फिरल्याने ठळक फरक पडत असेल तर निदान झालं. आसपासचा ट्रान्सफॉर्मर, जड अॅडॉप्टर, यूपीएस, अॅम्प यांच्यापासून लांब सरका. दोन-तीन हातांचं अंतरही मोठा फरक करतं, कारण लहान ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं. सर्वात शांत कोन सापडला की जमिनीवर टेपची खूण करून ठेवा. काल शांत आणि आज हम, याचं उत्तर कितीतरी वेळा एवढंच असतं की काल तुम्ही दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होतात.

शेवटची चाचणी हाताची. तारांवरचा हात काढा, परत ठेवा. हात ठेवल्यावर बझ (खरखरीत हम) कमी होतो? हे अपेक्षित आहे. तुमचं शरीर खोलीतलं विद्युत क्षेत्र गोळा करून पिकअपपर्यंत आणतं. तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणून त्यांना हात लागला की शरीरही शांत होतं. फरक थोडा असेल तर सोडून द्या, खूप मोठा असेल तर बासला शिल्डिंग (आतून ग्राउंडला जोडलेलं वाहक अस्तर) हवं आहे. हात लावून काहीच बदलत नाही आणि बझ मात्र भरपूर, तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटली असण्याचा संशय घ्या. आणि हात लावल्यावर बझ वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागलेल्या असू शकतात, किंवा तुमची सगळी सिस्टिम अर्थिंगशिवाय तरंगते आहे. या दुसऱ्या शक्यतेकडे जरा थांबून बघायला हवं.

चार्जर, लॅपटॉप आणि ग्राउंड लूप

हम आला की लगेच “ग्राउंड लूप आहे” असं म्हणायची पद्धत पडली आहे. लूपसाठी अर्थिंगला जोडलेली किमान दोन उपकरणं लागतात, जी दुसऱ्या केबलनेही एकमेकांना जोडलेली आहेत. पॅसिव्ह बास कुठेच प्लगमध्ये लागत नाही. त्यामुळे बास, इंटरफेस आणि बॅटरीवरचा लॅपटॉप एवढंच असेल आणि ऐकायला हेडफोन, तर तिथे लूप होऊच शकत नाही. चार्जर लावला, अर्थिंगवाले स्पीकर जोडले, बासचा अॅम्पही इंटरफेसला लावला, की मग लूप तयार होऊ शकतो.

तपासायला सोपं आहे. चार्जर काढा आणि मीटर बघा. हम किंवा शिट्टी गेली तर वाट सापडली. पण ज्याबद्दल कमी बोललं जातं ते उलट प्रकरण: चार्जर काढल्यावर हम वाढतो. असं झालं तर गोंधळून जाऊ नका. चार्जर तीन पिनांचा असेल तर तोच तुमच्या सिस्टिमला अर्थिंग देत होता. तो काढल्यावर तारांना हात लावून शरीर शांत व्हायला जागाच उरली नाही.

दोन पिनांच्या चार्जरची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या आत आवाज दाबण्यासाठी एक लहान कपॅसिटर असतो, आणि त्यातून किंचित विद्युतप्रवाह लॅपटॉपच्या ग्राउंडवर येत राहतो. अर्थिंग नसल्याने तो प्रवाह जाणार कुठे? मल्टिमीटरने त्या ग्राउंडचं अर्थिंगच्या संदर्भात व्होल्टेज मोजलं तर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास आकडा दिसू शकतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर किंवा बासच्या तारांवर बोट फिरवताना जी मुंगी आल्यासारखी झिणझिण जाणवते ती हीच. हाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. उपाय असा की साखळीतल्या एका उपकरणाला खरं अर्थिंग मिळालं पाहिजे. तीन पिनांचा मूळ चार्जर, अर्थिंग असलेला इंटरफेस, किंवा इंटरफेसला जोडलेले अर्थिंगवाले स्पीकर, यांपैकी काहीही चालेल. प्लगमधल्या अर्थिंगच्या भोकाला मागे वायर जोडलेली आहे का हे मात्र वायरमनकडून तपासून घ्या. भोक दिसतं म्हणजे अर्थिंग आहे असं धरून चालू नका.

लूप खरोखरच असेल, उदाहरणार्थ अॅम्पच्या मागच्या आउटपुटमधून इंटरफेसला सिग्नल घेताना, तर डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करून पुढे देणारी छोटी पेटी) वापरा. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय असेल तर उत्तम. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते ऑडिओ केबलमधला ग्राउंडचा दुवा तोडतं, विजेच्या प्लगच्या अर्थिंगला हात लावत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतला विजेचा थेट दुवा तोडणारा) हाही एक मार्ग आहे, पण त्यातले बरेच स्वस्त प्रकार सेकंदाला १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावरच चालतात आणि पुढे पॉवरही कमी देतात. बरेचसे इंटरफेस त्यावर सुरूच होत नाहीत. घेण्याआधी वेग तपासा.

अर्थिंगची पिन काढू नका

हे वेगळं लिहितो आहे कारण हा सल्ला अजूनही ऐकायला मिळतो: अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढ, हम जाईल. हम जातोही. पण बासच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचे दोन्ही हात तारांवर असतात. अॅम्पमध्ये आतून फेज बॉडीला लागली आणि अर्थिंग नसेल, तर त्या तारांमध्ये पूर्ण पुरवठा येतो. समोर गायनाचा माइक असेल आणि त्याला ओठ लागले, तर प्रवाह छातीतून जातो. १९७२ साली स्वान्सीमध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताना मंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. चालू उपकरणांनी भरलेल्या खोलीत तुम्ही दिवसभर तारा धरून बसणार आहात. ३० मिलिअँपची गळती पकडून पुरवठा तोडणारा आरसीसीबी त्या सर्किटवर असावा, आणि तारांवर झिणझिण नेहमीपेक्षा तीव्र वाटली तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवून वायरमन बोलवावा.

पिकअपचा दोष कधी आणि कधी नाही

सिंगल कॉइल पिकअप तारांचं कंपन पकडतो तसंच आसपासचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो. ती त्याची रचनाच आहे, बिघाड नव्हे. १९५१ चा पहिला प्रिसिजन बास सिंगल कॉइलचा होता. १९५७ मध्ये फेंडर कंपनीने त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला, दोन्ही तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा उलट ठेवली. तारांचा सिग्नल दोन्हीकडून एकाच दिशेने येतो आणि जुळतो. हम विरुद्ध दिशेने येतो आणि कटतो. म्हणून आजच्या प्रिसिजनवर गोल हम आला तर पिकअपला दोष द्यायच्या आधी बाकी सगळं तपासा. एक तुकडा शॉर्ट होऊन बंद पडला असेल तर तो हम पकडायला लागतो, आणि त्याची खूण ठळक असते: दोन तारा जोरात, दोन अगदी क्षीण.

१९६० च्या जॅझ बासमध्ये दोन वेगळे सिंगल कॉइल पिकअप असतात, एकमेकांच्या उलट. दोन्ही व्हॉल्यूम अगदी सारखे उघडे असतील तेव्हाच हम कटतो. हे कानाने ऐकून बघण्यासारखं आहे. दोन्ही नॉब पूर्ण उघडा, तारांना हात लावून ठेवा, आणि एक नॉब केसभर मागे घ्या. हम लगेच डोकं वर काढतो. परत पूर्ण उघडा, गेला. जॅको पॅस्टोरियस या बासवादकाच्या वळणाचा आवाज हवा म्हणून फक्त ब्रिजजवळचा पिकअप वाजवायचा असेल, तर त्या जोडीचं संरक्षण तुम्ही स्वतःहून सोडलेलं असतं. असा आवाजच तुमच्या कामाचा असेल तर त्याच आकारात मिळणारे हम कटणारे पिकअप बसवणं हा खरा उपाय. त्यात दोन कॉइल एकावर एक किंवा शेजारी शेजारी दडवलेल्या असतात. सिंगल कॉइलचा अगदी मोकळा, काचेसारखा वरचा भाग त्यात थोडा बदलतो, पण रेकॉर्डिंगमध्ये मला तो सौदा मान्य आहे.

अॅक्टिव्ह बास असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आधी बदलून पाहा. उतरलेल्या बॅटरीवर प्रीअँप (बासच्या आतला सिग्नल वाढवणारा भाग) फाटका आवाज देतो आणि ती खरखर हम समजली जाते.

बासच्या आत

जॅक हा सर्वात जास्त त्रास देणारा भाग. केबल शेकडो वेळा घालून काढून त्याचा नट ढिला होतो, मग पूर्ण जॅकच प्लगबरोबर फिरू लागतो. आतल्या दोन वायरी प्रत्येक वेळी पिळल्या जातात आणि एक दिवस ग्राउंडच्या वायरीचे धागे सोल्डरच्या कडेपाशी एकेक करून तुटायला लागतात. शेवटचे दोन-तीन धागे शिल्लक असतात तोवर बास कधी शांत, कधी गुणगुणता. “पुन्हा पुन्हा येणारा हम” म्हणून माझ्याकडे आलेल्या बासमध्ये मी सर्वात आधी इथे बघतो. नट आवळताना आतून जॅक बोटाने घट्ट धरा, नाहीतर आवळता आवळताच वायर तुटेल.

मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक तारेला, दुसरं प्लगच्या कडीला. बीप यायला हवी आणि रीडिंग एक-दोन ओमच्या आत हवं. नाही आलं तर ब्रिजखालची वायर. ब्रिजचे स्क्रू काढून पाहिलं की बहुतेक वेळा ती उघडी वायर लाकडाच्या खाचेत दबून बसलेली किंवा गंजलेली सापडते. तिचं टोक घासून चकचकीत करा, पंख्यासारखं पसरवा आणि ब्रिज परत आवळा.

शिल्डिंगसाठी तांब्याची चिकटपट्टी किंवा वाहक रंग वापरतात. पट्टीचा गोंद वाहक नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर चिकटले तरी विजेच्या दृष्टीने सुटेच राहतात, म्हणून जोडावर सोल्डरचे ठिपके द्या. पूर्ण पोकळी, झाकणाची आतली बाजू, सगळं एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेलं असल्याची मीटरने खात्री करा. जॅकचं आतलं टोक त्या पट्टीला लागणार नाही एवढी काळजी घ्या, नाहीतर झाकण लावताक्षणी आवाज बंद. आणि अपेक्षा नीट ठेवा: तांब्याचं शिल्डिंग खरखरीत बझ कमी करतं. ट्रान्सफॉर्मरचा गोल, चुंबकीय ५० हर्ट्झचा हम त्यातून आरपार जातो. शिल्डिंग केलं तरी हम आहेच, ही तक्रार म्हणूनच येते.

अॅम्पसमोर माइक लावून रेकॉर्ड करत असाल आणि अॅम्पला काहीही न जोडता हम असेल, तोही दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, तर फिल्टर कपॅसिटर थकलेत. ट्यूब अॅम्प असेल तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात.

उरलेला हम

एवढं केल्यावर थोडा तळाशी राहतोच. किती चालेल? माझा अंदाज सांगतो: तारा धरून शांत बसल्यावर मीटर उणे ७० डेसिबलच्या खाली असेल तर पुढे जा. उणे ५० च्या आसपास असेल तर थांबा, जरी आत्ता ऐकू येत नसेल तरी. बासवर कम्प्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी करणारा) लागणार आहे. त्याने १२ डेसिबल परत वाढवले की उणे ५० चा हम उणे ३८ वर येतो, आणि त्यावर डिस्टॉर्शन लावलं तर तो गाण्याच्या प्रत्येक मोकळ्या जागेत ऐकू येतो. वाजवताना सर्वात जोरदार सूर उणे १२ च्या आसपास राहू द्या, २४ बिटमध्ये तेवढं पुरेसं आहे.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला काही सेकंद तारांवर हात ठेवून, त्याच कोनात, काहीही न वाजवता रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून हीच शांतता द्यायची. हात काढून घेतलेला नमुना दिलात तर त्यातला हम वाजवतानाच्या हमपेक्षा वेगळा असतो आणि सॉफ्टवेअर सुरांचे कोपरे खाऊन टाकतं. रिडक्शन ६ ते ९ डेसिबलपर्यंत ठेवलं तर बासचा ठोका शाबूत राहतो. त्याहून जास्त ओढलं की सुराच्या शेपटीला पाण्याखालच्यासारखी गुडगुड येते.

गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) वापरायचा असेल तर तो फक्त मोकळ्या जागा साफ करतो, सुराखालचा हम तसाच राहतो, हे लक्षात ठेवून लावा. लांब सूर असलेल्या ओळीत गेटऐवजी हाताने क्लिपच्या कडा फेड केलेल्या बऱ्या. आणि नॉच लावावाच लागला तर वरच्या पटींवर, १५०, २५०, ३५० हर्ट्झवर, अगदी अरुंद लावा. बझचा त्रासदायक भाग तिथे जास्त जाणवतो आणि बासचा पाया तिथे नसतो. ५० आणि १०० ला शक्यतो हात लावू नका. ही सगळी सफाई कम्प्रेसरच्या आधी करा, कारण कम्प्रेसरनंतर हमची पातळी सुरागणिक बदलत असते आणि एकच सेटिंग पूर्ण ट्रॅकला लागू पडत नाही.